परसबागेतील स्तरित लागवड आणि आर्द्र द्रव्यांची उपलब्धी
(शहाड परिसराच्या विशेष संदर्भात)

शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडात आर्द्र द्रव्य शुष्क द्रव्याच्या दुप्पट घ्यावे असा सामान्य नियम आहे. त्याच ठिकाणी गुडूची, कुटज, वासा, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा, सहचर, शतपुष्पा व प्रसारणी ही नऊ द्रव्ये नेहमी आर्द्रच वापरावीत आणि त्यांचे मान दुप्पट करू नये, असा अपवादही सांगितला आहे. हा पाठ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत मुखोद्गत केलेला असतो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र यांपैकी बहुतेक द्रव्ये शुष्क तुकड्यांच्या वा चूर्णाच्या स्वरूपातच आपल्या हाती येतात. ही उणीव वैद्याच्या घरामागील लहानशा जागेतून किती प्रमाणात भरून निघू शकेल आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्तरित लागवडीची संकल्पना

निरनिराळ्या उंचीच्या उपयुक्त वनस्पती जंगलाप्रमाणे एकमेकींच्या आश्रयाने वाढविणे, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. कोकणातील वाडीत नारळ-पोफळीच्या छायेत केळ, खोडावर मिरवेल आणि खाली हळद-आले ही रचना पूर्वापार आहे. भाट्ये (रत्नागिरी) येथील नारळ संशोधन केंद्राने नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी व मिरी यांची मिश्र लागवड ‘लाखी बाग’ या नावाने रूढ केली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट हार्ट यांनी वेनलॉक एज येथे हीच कल्पना सात थरांत मांडली. शहरी जागेपुरते बोलायचे, तर श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यापासून सुपीक माती तयार करण्याचे तंत्र महाराष्ट्रात रुजविले. त्याच परंपरेतून २००२ पासून तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली.

थरांची मांडणी

सुमारे दोनशे चौरस फूट जागा गृहीत धरल्यास पुढील मांडणी सोयीची ठरते. उंच झाडे उत्तरेच्या बाजूस व ठेंगणी दक्षिणेच्या बाजूस लावावीत, म्हणजे हिवाळ्यातील तिरपे ऊन सर्वांना मिळते.

१. वृक्ष : एक शेवगा. रोप तीन फुटांचे होताच शेंडा खुडावा. अन्यथा तो उंच वाढून पावसाळी वाऱ्यात मोडतो. पाने, फुले व शेंगा तिन्ही आहारोपयोगी.

२. लहान वृक्ष : कढीपत्ता, लिंबू, पपई, केळ. जागा असल्यास कुटज (पांढरा कुडा). तो सह्याद्रीच्या पानझडी जंगलातीलच असल्याने येथे सहज रुजतो.

३. क्षुप : कुंपणालगत वासा (अडुळसा) व सहचर (कोरांटी). अडुळसा फांदीपासून लागतो आणि गुरेही सहसा त्यास तोंड लावीत नाहीत.

४. वेल : गुडूची, शतावरी, कूष्मांड (कोहळा). निंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानली जाते. परंतु कोवळ्या शेवग्यावर वा लिंबावर ती चढवू नये. दोन-तीन वर्षांत ती आधारवृक्षास झाकून टाकते. निंब नसल्यास लोखंडी जाळी पुरे.

५. कंद : अर्धछायेत हळद, आले, अळू. पावसाच्या तोंडावर लावावेत. हळद पाने पिवळी पडून वाळल्यावर काढावी.

६. भूमिलग्न : मंडूकपर्णी, पुनर्नवा.

नवांपैकी सहा द्रव्ये अशा रीतीने येथे साध्य होतात. शतपुष्पा (बाळंतशेप) हिवाळ्यात कुंडीत येते. अश्वगंधेस कोकणपट्टीचा पाऊस मानवत नाही, म्हणून ती पावसाळ्यानंतर, निचऱ्याच्या रेताड मातीत लावावी. प्रसारणी ही मुख्यतः पूर्व व ईशान्य भारतातील वेल असल्याने तिच्यासाठी खात्रीच्या पुरवठादारावरच विसंबावे लागेल.

भूमिपरीक्षा

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. सुश्रुताचार्यांनी भूमिप्रविभागीय अध्यायात व चरकाचार्यांनी कल्पस्थानात औषधिग्रहणासाठी भूमी कशी असावी, हे विस्ताराने सांगितले आहे. स्मशान, वारूळ, खड्डे, उखर जमीन यांचा त्यांनी केलेला निषेध केवळ परंपरा म्हणून न वाचता, दूषित भूमीतील द्रव्य दूषित होते, या तत्त्वाने वाचावा. शहाड हे उल्हास नदीकाठचे औद्योगिक गाव. शेजारून उल्हासनगरच्या सांडपाण्याने दूषित झालेली वालधुनी वाहते. २६ जुलै २००५ च्या महापुरात हा सर्व सखल पट्टा पाण्याखाली गेला होता. भरावाची, नाल्यालगतची, वा जुन्या कारखान्याच्या आवारातील माती येथे सर्रास आढळते.

अशा मातीत शिसे, कॅडमियम इत्यादी जड धातू असू शकतात. मूळ, कंद व पालेभाज्या यांतून ते शरीरात जाण्याचा संभव अधिक. मंडूकपर्णीसारख्या ओलसर जागी वाढणाऱ्या वनस्पतींबाबत तर विशेष दक्षता हवी. वनौषधींतील शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग प्रति दशलक्ष यांपुढे नसावे, ही मर्यादा औषधशाळाचालकांस परिचित आहेच. म्हणून,

(अ) लागवडीपूर्वी माती व कूपनलिकेचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

(आ) शंका असल्यास जमिनीवर दीड फूट उंचीचे विटांचे वाफे करून, तळाशी जाड आवरण व निचऱ्याची सोय ठेवून, त्यांत नारळाच्या शेंड्या, उसाचे चिपाड, पालापाचोळा, शेणखत व स्वच्छ जागेची माती भरावी.

(इ) नाल्याचे वा नदीचे पाणी घालू नये. पुराचे पाणी वाफ्यात शिरल्यास त्या हंगामातील कंद व पाला औषधार्थ वापरू नये.

द्रव्यनिश्चिती

२०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. मंत्रालयाने पुढे दिलेल्या लक्षणांनुसार गुडूचीचे कांड हिरवट असून त्यावर गाठी नसतात, दुधाळ स्राव नसतो व फळे लाल, गोलाकार असतात. क्रिस्पाचे कांड करडे, गाठींचे, दुधाळ स्रावाचे व फळे नारिंगी, लंबगोल असतात. या प्रश्नाविषयी मते काहीही असोत, बाजारातील कापलेल्या तुकड्यांवरून हा भेद ठरविणे दुष्कर आहे, तर परसातील पान-फूल-फळांसह उभ्या वेलीवर तो सुकर आहे. मात्र पहिले रोप द्रव्यगुणाच्या जाणकाराकडून वा महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानातून निश्चित करूनच आणावे. तसेच घरची गुळवेल म्हणून मात्रा, कालावधी व रुग्णाच्या यकृताची स्थिती यांकडे दुर्लक्ष करू नये.

व्यावहारिक मर्यादा

वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी केलेल्या औषधास कायद्याने निर्मिती-परवान्यातून सूट आहे. विक्रीसाठी केलेल्या औषधास नाही. परसातील उत्पादन औषधशाळेची गरज भागवू शकणार नाही, हेही स्पष्ट आहे. त्याचा उपयोग वासास्वरस, गुडूचीस्वरस, आर्द्र हरिद्रा अशा ताज्या कल्पनांसाठी, पथ्यातील शेवगा-कोहळ्यासाठी आणि औषधशाळाचालकांस खरेदीच्या वेळी तुलनेसाठी जिवंत नमुना म्हणून करावा. प्रत्येक रोपाचा स्रोत, लागवडीची तारीख व माती-पाण्याचा अहवाल एका वहीत नोंदवून ठेवल्यास त्या नमुन्यास शास्त्रीय मूल्य प्राप्त होईल. आरंभ करू इच्छिणाऱ्यांनी या पावसाळ्यापूर्वी माती तपासावी व प्रथम अडुळसा, गुळवेल आणि हळद ही तीनच द्रव्ये लावावीत. पुढील थर त्यांच्या अनुभवावरून वाढवीत न्यावेत.