अॅम्बॅसेडर आणि पद्मिनी : एक तुलना

‘कोणती मोटार चांगली?’ हा प्रश्न वरवर साधा वाटतो. परंतु ‘कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी?’ हे विचारल्याखेरीज त्याचे उत्तर देता येत नाही. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या दोन मोटारींच्या आधारे आपण हे समजून घेऊ.

अॅम्बॅसेडरचे मूळ ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्ड या मोटारीत होते. कोलकात्याजवळील उत्तरपारा येथील हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात तिचे उत्पादन १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. पद्मिनीचे मूळ इटलीतील फियाट ११०० मध्ये होते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार होत असे.

कार्यक्षमता : अॅम्बॅसेडरमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी. क्षमतेचे होते, तर पद्मिनीचे १०८९ सी.सी. क्षमतेचे. एवढ्यावरून अॅम्बॅसेडर अधिक चपळ होती, असे म्हणणे घाईचे ठरेल. तिचे वजन एक टनाहून अधिक होते. पद्मिनीचे सुमारे ९०० किलोग्रॅम. मोठ्या इंजिनाला भारही मोठा ओढावा लागे. म्हणूनच तुलना करताना एकच आकडा सुटा घेऊ नये. त्याच्याशी संबंधित दुसरा आकडाही पाहावा.

उपयुक्तता : अॅम्बॅसेडरचे मागील आसन ऐसपैस होते आणि डिकीत भरपूर सामान मावत असे. मोठे कुटुंब आणि खडबडीत रस्ता यांसाठी ती सोयीची होती. पद्मिनी लांबीला कमी असल्याने शहरातील गर्दीत वळवण्यास व उभी करण्यास सोपी होती. लहान इंजिनामुळे तिला इंधनही कमी लागे.

टॅक्सीचालकाच्या दृष्टीने मात्र आणखी एक निकष महत्त्वाचा होता. गाडी बंद पडली की त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून सुटे भाग जवळपास मिळणे आणि गाडीची नस ओळखणारा मिस्त्री हाताशी असणे आवश्यक ठरते. मुंबईत पद्मिनी आणि कोलकात्यात अॅम्बॅसेडर टॅक्सी म्हणून रुळली. एकाच प्रकारच्या असंख्य गाड्या धावत असल्या की दुरुस्तीची सोयही त्यांच्याभोवती वाढत जाते. उपयुक्तता ही केवळ वस्तूत नसते, ती परिसरावरही अवलंबून असते.

काळानुसार निकषही बदलतात. प्रदूषण आणि प्रवाशांची सुरक्षितता यांना आज जे महत्त्व आहे, त्या कसोटीवर या दोन्ही मोटारी मागे पडतात. मुंबईत टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

सारांश, आधी गरज ठरवावी, मग निकष आणि शेवटी निवड. कष्टाची बचत खर्च करताना हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

पाठगत प्रश्न

१. केवळ इंजिनाच्या क्षमतेवरून निष्कर्ष काढणे घाईचे का ठरते?

२. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने कोणता निकष महत्त्वाचा होता? का?

३. आपल्या व्यवसायातील दोन साधनांची, उदाहरणार्थ दोन शिलाई यंत्रांची, तीन निकषांवर तुलना करा.