मुष्टियोद्धा पाण्यात उतरतो

भोर तालुक्यातील कामथडी हे गाव पुणे-सातारा महामार्गावर आहे. याच रस्त्याने दक्षिणेकडे जात राहिलात, सातारा आणि कऱ्हाड मागे टाकलेत, की पेठ नाका लागतो. सांगली जिल्ह्यातील या पेठ गावी 1 नोव्हेंबर 1944 रोजी मुरलीकांत पेटकर यांचा जन्म झाला. क्रिकेटपटूंची नावे तुम्ही धडाधड सांगाल. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे?

लहानपणी मुरलीकांतना कुस्तीची आवड होती. पुढे ते फौजेत भरती झाले आणि तेथे मुष्टियुद्ध शिकले. 1964 साली टोकियो येथे निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे सामने झाले. त्यांत ते रिंगणात उतरले होते.

1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात रुतून राहिली. कमरेखालचे शरीर लुळे पडले. तुम्हांला वाटेल, मुष्टियुद्ध तर हातांचा खेळ. हात शाबूत होते ना? पण ठोशाचा जोर पायांतून येतो. पुढे सरकणे, मागे हटणे, वार चुकवणे ही सगळी पायांची कामे. पाय गेले आणि मुष्टियुद्ध संपले.

जखमी सैनिकांना उपचार म्हणून पोहायला लावत असत. (पोहण्याच्या खेळाला मराठीत 'जलतरण' म्हणतात, तुमच्या उर्दूतली 'तैराकी'.) जमिनीवर जे शरीर जड होते, ते पाण्यात हलके झाले. पाणी शरीराला खालून उचलून धरते. मात्र पोहणारा एरवी पायांनीही पाणी मागे लोटतो. मुरलीकांतना ते शक्य नव्हते. सारे काम खांद्यांना आणि दंडांना करावे लागले. कुस्ती आणि मुष्टियुद्धात कमावलेले खांदे येथे उपयोगी पडले, असे मला वाटते.

अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेला पॅरालिम्पिक म्हणतात. 1968 साली तेल अवीव येथील स्पर्धेत ते टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. म्हणजे हा आणखी एक खेळ! 1972 ची स्पर्धा जर्मनीतील हायडेलबर्ग शहरात भरली. तेथे 50 मीटर पोहण्याची शर्यत त्यांनी 37.33 सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम होता. ऑलिम्पिक व पॅरालिम्पिक मिळून भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. ऑलिम्पिकमधले असे पदक अभिनव बिंद्राने 2008 साली मिळवले, म्हणजे 36 वर्षांनंतर.

खेळ बदलणारे इतरही आहेत. ऑस्ट्रेलियाची शार्नी लेटन ही नेटबॉलमधील नामवंत बचावपटू. 2015 साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ती होती. नेटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन धावता येत नाही आणि समोरच्या खेळाडूला धक्का देता येत नाही. 2018 साली तिने नेटबॉल सोडला आणि ती त्या देशाचा खास फुटबॉल खेळू लागली. त्यात चेंडू घेऊन धावायचे असते आणि समोरच्याला धरून पाडायचेही असते! तिने आपला खेळ स्वतःहून बदलला. पेटकरांना मात्र निवड करण्याची सवडच मिळाली नव्हती.

त्यांनी पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी केली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ते 73 वर्षांचे होते. सुवर्णपदकानंतर 46 वर्षे! एवढा उशीर का व्हावा? 2024 साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

आता एक करून पाहा. शाळेच्या मैदानावर टेपने 50 मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खुणा करा. मग घड्याळात सदतीस सेकंद होईपर्यंत एका खुणेवर उभे राहून दुसऱ्या खुणेकडे बघा.