मेण आहे तोवरच बोला

तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आम्हा मराठी घरांकडे एक काम आपसूक चालत येतं, दुभाष्याचं. महाराष्ट्रातून कुणी देवाची मूर्ती घडवायला निघालं, की कुणाच्या तरी ओळखीनं फोन येतो, "ताई, तुम्हाला तमिळ येतं, जरा बरोबर चला ना." मी जाते. कुंभकोणमला लागूनच कावेरीकाठी स्वामिमलै आहे. मुरुगनच्या सहा मुख्य क्षेत्रांपैकी हे एक, आणि चोळांच्या काळची ओतकामाची विद्या सांभाळणाऱ्या स्थपतींचं गाव. दिल्लीत भारत मंडपमपुढे २०२३ साली उभा राहिलेला २७ फुटी नटराज इथलाच. पण माणसं गाव बघून भारावतात आणि नेमकं विचारायचं ते विचारत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे.

सांगलीकडच्या एका भावकीचं उदाहरण देते. त्यांना सोमवती अमावास्येच्या पालखीसाठी खंडोबा हवा होता. त्यांनी मध्यस्थामार्फत, फोनवर फोटो पाठवून काम दिलं. मूर्ती आली तेव्हा तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती, इतकं कोरीवकाम सुबक. फक्त डोक्यावर पगडीऐवजी उंच किरीट होता, विष्णूला शोभावा असा. आणि अडीच फुटांची ती मूर्ती आतून पूर्ण भरीव होती. पालखीत ठेवल्यावर जुना दांडा करकरायला लागला, तेव्हा पोरांनी ती निमूट खाली उतरवली. भरीव ओतीव किरीट छाटून पगडी करता येत नाही. शेवटी तो देव देवळात बसला आणि पालखीसाठी दुसऱ्या मूर्तीचं ठरलं. त्या दुसऱ्या वेळी त्यांनी मला बोलावलं.

यात स्थपतीचा काय दोष? देव उचलायचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इकडच्या उत्सवमूर्ती भरीवच असतात आणि रथातून किंवा जाड वाशांवरून निघतात. त्यासाठी बैठकीलाच भोकं आणि कड्या ठेवलेल्या असतात. तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळ मूर्तींच्या बैठकी वाकून बघा, म्हणजे कळेल. आपली पालखी हलकी, आपले मुखवटे आणि टाक पत्र्याचे. हा फरक स्थपतीला आपण सांगितल्याशिवाय कळणार कसा?

वजनाचा अंदाज आधी येतो, आणि तो फार सोपा आहे. मूर्ती आधी मेणाची होते. मधमाशीचं मेण, राळ आणि थोडं तेल एकत्र उकळून गाळतात. ते मऊ असताना हात, पाय, धड वेगवेगळे वळतात, लगेच पाण्याच्या परातीत टाकून घट्ट करतात आणि तापलेल्या सळीनं सांधतात. माप झावळीच्या पट्टीनं घेतात. मूर्तीच्या उंचीइतकी पट्टी कापायची, घड्या घालायच्या, की कपाळ, हनुवटी, छाती, बेंबी, गुडघा यांच्या जागा मिळतात. मग या मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाचा लेप चढतो. पहिला हात इतका बारीक मातीचा, की नखाची रेघसुद्धा उमटावी. मग जाड माती, वरून लोखंडी तारा. गोवऱ्यांच्या आगीत मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. धातू निवला की साचा फोडायचा. तो एकदाच वापरता येतो.

म्हणजे मेणानं जितकी जागा व्यापली, तितकीच धातू व्यापतो; वजन मात्र वाढतं. मेणाच्या वजनाच्या साधारण आठ ते दहा पट धातू लागतो. हा हिशेब कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लासा'त घालून ठेवला आहे. मेण तराजूत घाला आणि गुणाकार करा, पालखीला झेपेल की नाही ते तिथल्या तिथे कळेल. उंची दुप्पट झाली तर वजन दुप्पट नाही, आठपट होतं, हे भावकीतल्या मोठ्या मूर्तीचा आग्रह धरणाऱ्या काकांना आधी समजवा. पोकळ ओतकामही होतं, पण त्याला आत मातीचा गाभा धरावा लागतो. ते हवं तर पहिल्याच दिवशी सांगायचं.

त्या दुसऱ्या मूर्तीच्या वेळी खंडोबाचं वर्णन सांगताना मात्र मजा झाली. स्थपतींनी मला विचारलं, "अम्मा, ध्यानश्लोक काय? हात किती? हातात काय? बसलेला की घोड्यावर?" मी मराठीत विचारलं आणि पाच जणांची पाच उत्तरं आली. अण्णा म्हणाले चार हात, धाकटे म्हणाले दोनच, आणखी कुणी म्हणालं, आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर तर घोडा आहे. म्हाळसा शेजारी की मांडीवर, यावरून तर चहा थंड झाला. स्थपती शांतपणे बसून होते. हे भांडण घरी, पुजाऱ्याला बसवून संपवा. खड्ग, त्रिशूळ, डमरू, भंडाऱ्याचं पात्र, कोणत्या हातात काय, पगडी कशी, सगळं कागदावर काढा. कॅलेंडरचा फोटो पुरत नाही, त्यात पाठ कुठे दिसते? राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पुऱ्या केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती वाचा. दान दिलेल्या मूर्तींची उंची, हात, बैठक, दागिन्यांचं वजन, सगळं दगडात कोरलेलं आहे. राजाला इतका काटेकोरपणा परवडत होता, तर आपल्याला का परवडू नये?

मेणाची मूर्ती तयार झाली की स्वतः जा. रेल्वेचं भाडं वाचवू नका. फोटोवर होकार कळवू नका, मागून आणि बाजूनंही बघा. पगडीचा पीळ, मिशी, बोटं, जे खटकेल ते तिथे तापल्या सळीच्या एका फटक्यात बदलतं. लेप चढल्यावर बोलून उपयोग नाही.

पंचधातूचं खूळही जरा आवरा. मुख्य धातू तांबं, त्यात पितळ आणि थोडं शिसं किंवा कथील, सोनं-चांदी नावापुरतीच. पाचही समभाग असं कुणी सांगत असेल, तर सोन्याचा भाव विचारा. पण घरचा सोन्याचा मणी मुशीत आपल्या हातानं टाकायला मिळतो, आणि ते जरूर करा. आमच्या त्या भावकीतल्या आजींनी नथीतला मोती काढून घेतला आणि सोन्याची तार टाकली, तेव्हा भट्टीवरची पोरंही थांबून बघत होती.

डोळे शेवटी कोरतात. ते कार्यशाळेत उघडायचे की गावी प्रतिष्ठेच्या वेळी, हे गुरुजींना विचारून ठेवा. काही गुरुजी ऐनवेळी अडून बसतात.

बाजारात 'जुनी मूर्ती' म्हणून काळपट केलेला माल मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. ती खोटी असली तर पैसे बुडाले आणि खरी असली तर त्याहून वाईट. शंभर वर्षांवरच्या मूर्तींना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, आणि तमिळनाडू पोलिसांचा मूर्तिचोरीसाठी वेगळा विभागच आहे. याच भागातल्या पत्तूरचा नटराज लंडनच्या कोर्टापर्यंत लढून १९९१ साली परत आला. नव्या मूर्तीचंही फोटोसकट बिल घ्या. परदेशातल्या मुलाकडे पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नाही असा पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढा. विमानतळावर तुमची भक्ती कुणी ऐकून घेत नाही.

घरी आल्यावर पितळी भांड्यांची पावडर लावून घासू नका, नाकाचा शेंडा आणि डोळ्यांच्या रेघा झिजतात. दही-पंचामृताचा अभिषेक झाला की लगेच स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी करा, नाहीतर हिरवट डाग धरतात. चिंचेचं पाणी, रिठा आणि मऊ ब्रश पुरे. भंडारा कोरीवकामात अडकतो, तो कोरड्या ब्रशनंच काढा. आणि पैशाचं म्हणाल, तर एक हप्ता काम देताना, एक मेण पसंत पडल्यावर, उरलेले मूर्ती हातात घेऊन, पाठीमागून बोट फिरवून बघितल्यावर. ओतताना पडलेली भोकं बुजवलेली असतील, तर ती पाठीमागेच सापडतात.