बैठ्या माणसाचे कॅलरी-गणित : वजन उतरवायचे, पण किती बेताने?



मागे एका पालकसभेनंतर एक आई आम्हाला एक कागद दाखवायला आल्या. तो होता हजार कॅलरींचा आहारतक्ता, कोणीतरी कोणाला दिलेला, तिथून यांच्याकडे आलेला. तीन आठवडे त्यांनी तो नेटाने पाळला. दीड-दोन किलो वजन उतरले, पण जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली आणि केस मूठमूठ गळू लागले. शेवटी तक्ता सुटला, आणि उतरलेले वजन दोन महिन्यांत परत आले. "आमच्यातच चिकाटी नाही," असे त्या म्हणाल्या.

आम्हाला वाटते, दोष चिकाटीचा नव्हता, गणिताचा होता. दिवसभर बसून काम करणाऱ्या, चालणे-फिरणे जवळजवळ नसलेल्या माणसासाठी कॅलरीचे लक्ष्य कसे ठरवावे, हे या पाठात आपण पायरीपायरीने पाहू. बेरीज, गुणाकार आणि वजाबाकी येत असली की पुरे.

कॅलरी म्हणजे काय?

एक किलो पाण्याचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती एक किलोकॅलरी. आहारशास्त्रात बोलताना आपण तिलाच 'कॅलरी' किंवा 'उष्मांक' म्हणतो. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. म्हणजे तेलाचा एक लहान चमचा (५ ग्रॅम) ४५ कॅलरींचा, तर साखरेचा तेवढाच चमचा २० कॅलरींचा.

आपल्याकडील पदार्थांचे हे आकडे कुठून आले? त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेली प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली. तीच आज तारनाक्याला असलेली राष्ट्रीय पोषण संस्था. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची कोष्टके याच संस्थेने तयार केली आहेत.

बसून राहिले की भूक कमी होते का?

कमी काम केले तर भूक आपोआप कमी लागेल, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील पोषणतज्ज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील २१३ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओझी वाहणारे खूप खात होते, पण ते कष्टही तेवढेच करीत. हलके काम करणारे कमी खात. या हिशेबाने बैठे कारकून आणि दुकानदार सर्वांत कमी खात असायला हवे होते. प्रत्यक्षात ते हलके काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते, आणि त्यांची वजनेही जास्त होती.

याचा अर्थ असा की हालचाल फारच कमी झाली की भुकेचा काटा नीट चालत नाही. म्हणून बैठ्या माणसाला अंदाजावर न राहता हिशेब करावा लागतो.

पायरी १ : शरीराचा मूळ खर्च

आपण नुसते पडून राहिलो तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचे काम चालूच असते. या खर्चाला मूलभूत चयापचय म्हणतात. तो काढण्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जोर सूत्र असे :

(१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंमीत) − (५ × वय वर्षांत), आणि आलेल्या उत्तरात पुरुषांसाठी ५ मिळवायचे, स्त्रियांसाठी १६१ वजा करायचे.

आपण ४८ वर्षांच्या एका गृहिणीचे उदाहरण घेऊ. वजन ६८ किलो, उंची १५४ सेंमी.

६८० + ९६२.५ − २४० − १६१ = १२४१.५

म्हणजे काहीही न करता दिवसाला सुमारे १२४० कॅलरी खर्च होतात.

पायरी २ : हालचालीचा गुणक

मूळ खर्चाला हालचालीच्या गुणकाने गुणायचे. अगदी बैठ्या दिनक्रमासाठी गुणक १.२ धरतात, थोडीफार नियमित हालचाल असेल तर १.३७५. गणित बहुतेक वेळा इथेच चुकते. "घरातले सगळे मीच करते" असे म्हणून आपण वरचा गुणक निवडतो. पण भांडी-केरवारे करायला बाई आहे, बाजार दाराशी येतो, संध्याकाळ दूरदर्शनसमोर जाते, असे असेल तर आपण बैठेच. ऑफिसात आठ तास खुर्चीवर आणि येता-जाता स्कूटरवर असणारे गृहस्थही बैठेच.

आपल्या उदाहरणात १.२ ने गुणल्यास १४९० येतात, १.३७५ ने गुणल्यास १७०७. फरक २१७ कॅलरींचा आहे. तो लक्षात ठेवा, पुढे तो महागात पडणार आहे.

आणखी एक गोष्ट. परदेशी सूत्रे भारतीयांच्या बाबतीत मूळ खर्च थोडा जास्तच दाखवतात, असे आपल्याकडील अभ्यासांत आढळले आहे. म्हणून आपण १४९० न धरता १४५० धरू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ५५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या तरुण स्त्रीची गरज १६६० कॅलरी, तर ६५ किलोच्या तशाच पुरुषाची २११० कॅलरी सांगितली आहे. वय जास्त आणि हालचाल त्याहून कमी असेल तर आकडा खाली येतो, हे ध्यानात घ्यावे.

पायरी ३ : वजाबाकी

"रोज ५०० कॅलरी कमी करा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल," हा नियम सर्वांच्या ओठांवर असतो. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, त्यावरून तो आला. ज्याचा रोजचा खर्च २५०० आहे त्याला तो चालतो. आपल्या गृहिणीला लावून पाहा : १४५० − ५०० = ९५०. पालकसभेनंतर हाती आलेला तक्ता नेमका असाच जन्माला आलेला असतो.

ज्याचे उत्पन्न लहान, त्याने बचतही लहानच करावी. फार बैठ्या माणसाने आपल्या खर्चाच्या १० ते १५ टक्केच कमी करावे, असे आम्ही सुचवतो. आपल्या उदाहरणात ते १५० ते २०० होतात. १४५० मधून २०० गेले की लक्ष्य १२५०. महिन्याला ६००० कॅलरींची तूट, म्हणजे सुमारे पाऊण किलो. आकडा किरकोळ वाटेल, पण तो वर्षभर टिकवता येतो. हजाराचा तक्ता तीन आठवडेही धड टिकला नाही.

आता मघाचा फरक आठवा. कोणी चुकून १.३७५ चा गुणक घेतला आणि १७०७ मधून २०० वजा केले तर लक्ष्य येते १५००, म्हणजे खऱ्या खर्चापेक्षाही जास्त. वजन हलत नाही, माणूस निराश होतो आणि रागाने थेट हजारावर उतरतो.

तळाची रेषा

वजाबाकीचे उत्तर काहीही येवो, सर्वसाधारणपणे स्त्रीने १२०० च्या आणि पुरुषाने १५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये. ८०० च्या खालचा आहार तर केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो. याची कारणे तीन.

१. अन्न फार कमी झाले की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडते. बैठ्या माणसाचे स्नायू आधीच कमी असतात. स्नायू घटले की मूळ खर्चही घटतो, आणि पुढचे वजन उतरणे अधिक अवघड होते.

२. वजन फार झपाट्याने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

३. लहान ताटात लोह, कॅल्शियम, प्रथिने बसतच नाहीत.

अमेरिकेत मिनेसोटा येथे अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. सुमारे २४ आठवडे त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी दिल्या, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायला लावले. वजन जवळजवळ एकचतुर्थांश घटले. पण ते तरुण सतत थंडीने कुडकुडत, चिडत, उदास होत, आणि मनात अन्नाशिवाय दुसरा विचार येत नसे. सडपातळ, चालत्याफिरत्या तरुणांना १५७० म्हणजे उपासमार ठरली. आपल्या बैठ्या गृहिणीने तेवढेच खाल्ले तर तिचे वजन उतरणार नाही. तेव्हा दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

१२५० ताटात कसे बसतात?

वजने कच्च्या धान्याची आहेत, आकडे अंदाजे.

सकाळ-संध्याकाळ मिळून दोन कप चहा, प्रत्येकी अर्धा कप गाईचे दूध नव्हे तर ५० मिली, एक चमचा साखर : ११०
नाश्ता : ४० ग्रॅम पोहे, थोडे शेंगदाणे, एक चमचा तेल : २४०
दुपार : दोन लहान पोळ्या, ३० ग्रॅम तूरडाळीचे वरण, एक चमचा तेलाची भाजी, वाटीभर दही : ४६०
संध्याकाळ : एक पेरू, मूठभर फुटाणे : १२५
रात्र : एक ज्वारीची भाकरी, ३० ग्रॅम मुगाची उसळ, पालेभाजी, एक चमचा तेल : ३४०

एकूण १२७५. यात प्रथिने मात्र ४५ ग्रॅमच्या आसपासच येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६८ किलोला ५६ ग्रॅम हवीत. म्हणून चहातली साखर आणि एक चमचा तेल सोडून त्याऐवजी एक उकडलेले अंडे किंवा पेलाभर सायविरहित दूध घ्यावे, आणि वरण-उसळ थोडी दाट करावी. १२५० मध्येच इतकी ओढाताण होते, तर हजारात काय होईल?

तेलाचा हिशेब घराघरात वेगळा करून पाहावा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे २७० कॅलरी केवळ तेलातून येतात. तीन लिटर केले की रोजच्या ७० कॅलरी वाचल्या, ताट मात्र तेवढेच राहिले.

आणि उपवास! ५० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप म्हणजे ४०० कॅलरी होतात, बटाटा वेगळाच. उपवास श्रद्धेने जरूर करावा, पण वजनाच्या वहीत तो आपोआप वजाबाकी म्हणून लिहू नये.

उत्पन्न वाढवणे

फार बैठ्या माणसाची खरी अडचण ताटात नसून खुर्चीत असते. खर्चच इतका कमी की कापायला जागा नाही. म्हणून ताट आणखी लहान करण्याऐवजी खर्च वाढवावा. ६८ किलोच्या व्यक्तीने रोज तीन किलोमीटर चालल्यास सुमारे १०० कॅलरी जादा खर्च होतात. २०० ची तूट मग ३०० होते, आणि पाऊण किलोचा महिना किलोभराचा होतो, तोही एक घासही कमी न करता.

पहिल्या आठवड्यात दहा मिनिटेच चालावे, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. इंदिरा पार्क असो की आपल्या इमारतीची गच्ची, जागेने फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे ही त्याची सोपी सुरुवात आहे.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करावे आणि चार आठवड्यांचा कल पाहावा. कमरेचा घेरही मोजावा. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही धोक्याची खूण मानतात. चार-पाच किलो उतरले की सूत्र पुन्हा मांडावे, कारण हलक्या शरीराचा खर्च कमी असतो. चक्कर, केस गळणे, पाळी अनियमित होणे, सतत थकवा यांपैकी काही दिसले तर लक्ष्य वाढवावे आणि डॉक्टरांना भेटावे.

हे गणित कोणी करू नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण, आणि वयोवृद्ध यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नये. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवण घटल्यावर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी खास सूचना : हे सूत्र प्रौढांचे आहे. तुमची हाडे, उंची, रक्त अजून वाढत आहे. आरशात पाहून डबा परत आणू नका. वजनाची काळजी वाटत असेल तर घरी किंवा आम्हाला मोकळेपणाने सांगा, आपण मिळून डॉक्टरांना विचारू.

स्वाध्याय

१. ५२ वर्षांचे एक गृहस्थ, वजन ८२ किलो, उंची १६८ सेंमी, काम बैठे. त्यांचा मूळ खर्च व एकूण खर्च काढा. (उत्तर : १६१५ व १९३८)

२. भारतीयांसाठी थोडी सूट देऊन त्यांचा खर्च १८९० धरा. ५०० वजा केल्यास काय होते? १५ टक्के वजा केल्यास काय? कोणते लक्ष्य योग्य, आणि का?

३. तुमच्या घरी महिन्याला किती तेल येते ते आईला विचारून प्रत्येकाच्या वाट्याच्या कॅलरी काढा. (एक लिटर तेल = सुमारे ८२०० कॅलरी)

४. या रविवारी घरातील सर्वांत बैठ्या माणसाला हाताला धरून दहा मिनिटे फिरायला न्या. या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहायचे नाही.