गॅस गीझर, लाइटचा गीझर की हीट पंप?

थंडीची चाहूल लागली की दवाखान्यात सर्दी-खोकल्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, गीझर गॅसचा घ्यावा की लाइटचा? आणि तो हीट पंप म्हणजे काय?" प्रश्न खरे तर दुकानदाराचा आहे. परंतु गॅस गीझर चुकीच्या जागी बसवल्यामुळे बेशुद्ध झालेली माणसे शेवटी आमच्याकडेच आणली जातात. म्हणून आज हा विषय.

ज्योतीलाही हवा लागते

१ किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर तासाला साधारण ९०० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे पाव तासात जवळजवळ ३ घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. आता आपले बाथरूम पाहा. ५ फूट बाय ६ फूट, उंची ९ फूट. आत हवा जेमतेम साडेसात घनमीटर. गारवा नको म्हणून दार आणि खिडकी दोन्ही बंद. एकापाठोपाठ दोघांनी अंघोळ केली की प्राणवायू कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, तो गळती कळावी म्हणून. त्यामुळे "वास आला नाही, म्हणजे धोका नाही" हा समज घातक आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

लक्षणे ओळखा

डोके जड होणे, चक्कर, मळमळ, उलटी, हातापायांतील शक्ती जाणे, गोंधळणे आणि अखेर बेशुद्धी. पाय लुळे पडल्याने कडी काढून बाहेर येणेही जमत नाही. माझ्याकडे आलेल्या एका तरुणीला घरच्यांनी फिट समजून कांदा हुंगवला होता. आधी नवरा अंघोळ करून गेला होता, मग ही गेली. गॅस गीझर आतच होता. सुदैवाने दार लवकर तोडले. जिल्हा रुग्णालयात प्राणवायू मिळाला आणि ती वाचली. अंघोळीच्या वेळी घरात दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर पित्त म्हणून सोडून देऊ नका. गर्भवतीच्या बाळाला हा वायू विशेष धोक्याचा आहे.

मग घ्यावे काय?

*गॅस गीझर :* पाणी झटपट मिळते, वीज गेली तरी अडत नाही. मात्र तो बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

*लाइटचा गीझर :* ज्योत नाही, त्यामुळे हा वायू नाही. धोका शॉकचा. अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण बसवावे. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते.

*हीट पंप :* फ्रिजच्या मागची बाजू हाताला गरम लागते, कारण फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. साधारण १ युनिट विजेत ३ युनिटांइतकी उष्णता मिळते. तीच बादली ०.२ युनिटात तापते. किंमत मात्र बरीच आणि टाकीला जागा हवी. मोठे कुटुंब किंवा वसतिगृह यांनाच तो परवडतो. गच्चीवर ऊन असेल तर सौर बंबही उत्तम.

परदेशी गेलेल्या मुलांकडून आपण ऐकतो, की तिकडे सारे घरच गरम ठेवतात. ब्रिटनमध्ये हे काम बहुतांशी गॅस बॉयलर करतो. पण नवे बॉयलर हवा बाहेरून घेतात आणि धूर नळीने बाहेर सोडतात; भाड्याच्या घरातील गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी तेथे कायद्याने सक्तीची आहे. नॉर्वे-स्वीडनच्या कडाक्याच्या थंडीतही हीट पंप सर्रास वापरतात.

प्रसंग आलाच तर

१) दार-खिडक्या उघडा, गॅस सिलिंडरपाशी बंद करा.
२) रुग्णाला लगेच मोकळ्या हवेत आणा, स्वतः आत रेंगाळू नका.
३) कुशीवर झोपवा. तोंडात पाणी घालू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबून कृत्रिम श्वास द्या.
४) १०८ वर फोन करा आणि "गॅस गीझर चालू होता" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कोरोनाच्या काळात घेतलेल्या, बोटाला लावायच्या यंत्रावर विसंबू नका. त्याला हा वायू आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही. रुग्ण गंभीर असताना ते ९८ दाखवू शकते. शुद्ध प्राणवायू हाच उपचार आहे. रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णालयात न्याच. कारण विसराळूपणा, चालण्यात बिघाड असे त्रास काही आठवड्यांनीही उद्भवू शकतात.

गॅस गीझर आत असेल आणि तो लगेच हलवता येत नसेल, तर उद्यापासून एवढे करा : दार उघडे ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मगच आत जाऊन कडी लावा. मिस्त्रीला मात्र याच आठवड्यात बोलवा.