एमआरआयच्या पिशवीतलं काय घ्यावं

मिरजेत आणि साताऱ्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना स्पीच थेरपी देताना मेंदूच्या फोटोबद्दल माझी जी मतं बनली, ती अशी :

१. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीवर थांबू नये. तिथं बहुतेकदा 'वयोमानानुसार मेंदू आकसला आहे' एवढंच असतं. आम्हाला कुठं आकसलाय ते हवं असतं. १९८२ साली अमेरिकेतले न्यूरॉलॉजिस्ट मेसुलम यांनी सहा रुग्णांचं वर्णन केलं : बाकी बुद्धी बऱ्यापैकी शाबूत, पण भाषा हळूहळू सरत चाललेली. २०११ मध्ये या आजाराचे तीन प्रकार ठरले. डाव्या कानशिलाचं पुढचं टोक आटलं, की शब्दाचा अर्थच पुसला जातो. कपाळामागचा डावा भाग आटला, तर अर्थ कळतो, पण वाक्य जुळत नाही. डाव्या कानाच्या वर-मागे आटलं, तर शब्द ओठांवर येऊन अडतो.

२. थेरपी यावरून बदलते. सांगलीचे एक अडते आठवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सगळी हयात हळदीच्या सौद्यांत गेलेली. हळकुंड हातात दिलं की मोडणार, वास घेणार, आतला रंग उजेडात धरून बघणार. पण "अण्णा, घरात हळद आहे का?" म्हटलं, की विचारायचे, "हळद म्हंजे काय ओ?" अशा माणसाला 'ह…' म्हणून पहिलं अक्षर सुचवण्यात अर्थ नाही. शब्द अडणाऱ्या तिसऱ्या प्रकारात मात्र तीच युक्ती बऱ्याचदा चालते. अण्णांच्या फोटोत कानशिलाचं टोक आटलेलं दिसत होतं. छत्री-सफरचंदाची छापील चित्रं बाजूला ठेवली आणि त्यांचाच तांब्या, त्यांचाच चष्मा, त्यांचीच वही घेतली. सराव सुटला की हे शब्दही निसटतात. तसं घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकते.

३. फोटो वाईट म्हणून माणूस तितकाच वाईट, असं नसतं. टोरोंटोच्या संशोधकांनी २०१२ मध्ये अल्झायमरचे एकभाषी आणि द्विभाषी रुग्ण घेतले. दोघांची बुद्धीची चाचणी सारखीच, पण सीटी स्कॅनमध्ये द्विभाषी लोकांच्या मेंदूची झीज जास्त! म्हणजे तेवढी झीज सोसूनही ते बरोबरीनं वावरत होते. हैदराबादेत सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले; २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात द्विभाषी रुग्णांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाल्याचं दिसलं. निरक्षर लोकांतही फरक होता, हे मला विशेष वाटतं. आपल्या जत भागात माहेर कानडी आणि सासर मराठी असलेल्या आज्ज्या घरोघरी आहेत. त्या शाळेत गेल्या नसतील, पण दोन भाषांत संसार केलाय. म्हणून फोटो बघून "आता काय उपयोग" म्हणणाऱ्या मुलाला मी आधी विचारते, आज्जी माहेरच्यांशी कुठल्या भाषेत बोलायच्या? एका सूनबाईंनी 'नीरू' (पाणी), 'ऊटा' (जेवण) एवढंच शिकून घेतलं आणि जेवणाच्या वेळची भांडणं निम्म्यानं कमी झाली. हे कुठल्याच स्कॅनमध्ये दिसलं नसतं.

४. निव्वळ थेरपीसाठी महागडा पेट स्कॅन काढू नये. निदानाचा घोळ असेल, तर डॉक्टर सांगतीलच.

५. डोक्याला सौम्य विजेचा प्रवाह देऊन, सोबत लिहिण्याचा सराव घ्यायचा, असे प्रयोग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये झालेत आणि त्यातून आशाही दिसते. पण व्हॉट्सॲपवरची यंत्रं विकत घेऊ नका. प्रवाह कुठं द्यायचा हे त्या तज्ज्ञांनी ठरवलेलं असतं. विकणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

६. गाणी टिकतात. लाइपझिगच्या संशोधकांना २०१५ मध्ये दिसलं, की ओळखीची जुनी गाणी जिथं साठतात, तो भाग अल्झायमरमध्ये तुलनेनं कमी झिजतो. यातून घरात मात्र गैरसमज होतो. साताऱ्याकडचे एक आबा हरिपाठ सलग म्हणायचे, पण नातवाचं नाव येत नसे. मुलगा चिडायचा, "मॅडम, मुद्दाम करत्यात. हरिपाठ बरा येतोय!" मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, हा भाग गेलाय आणि हा अजून आहे, असं बोटानं दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. घरी गेल्यावर "आबा, सांगा मी कोण?" बंद झालं. आता तो आत येतानाच म्हणतो, "आबा, मी पोरगा आलोय," आणि चहाचा कप आणि दुधाचा पेला दोन्ही समोर धरतो. आबा बोट दाखवतात.