इच्छापत्र : वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा

गुरसराय हे झाशी जिल्ह्यातील एकेकाळचे मराठी जहागिरीचे गाव. याच प्रदेशाचा इतिहास वारसाहक्काचा धडा देतो. झाशीचे महाराज गंगाधरराव यांनी नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला. डलहौसीने तो अमान्य करून १८५४ मध्ये राज्य खालसा केले. राणी लक्ष्मीबाईंनी जॉन लँग या वकिलाला पाचारण केले, ते त्यानंतर. उपयोग झाला नाही.

तो निर्णय राजकीय होता. आज कायदा इच्छापत्राचा मान राखतो; मात्र ते प्रकृती ठणठणीत असतानाच कुटुंबाच्या वकिलाकडून करून घ्यावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. लाभार्थी साक्षीदार नसावा. नोंदणी ऐच्छिक, परंतु हितावह. बँक खात्यातील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम केवळ स्वीकारते; मालकी वारसांचीच राहते.